लांबचा वकील

कोर्टाला माणसाची अब्रू जप्त करता येत नाही. ती ज्याची त्यानेच जपायची असते. म्हणून फरशीचं दुकान बुडालेले खांबेटे वकील शोधत शेजारच्या तालुक्याला आले. दिवाळखोरीचे अर्ज करणारा एक वकील त्यांच्या घरासमोरच राहायचा, पण त्याला मुलीच्या लग्नाची पत्रिका गेली होती.

इथल्या वकिलाच्या कचेरीत बाकावर एकटेच बसले होते मुलीचे होणारे सासरे, रिसबूड.

"व्याहीबुवा, तुम्ही इकडे?" खांबेट्यांनी विचारलं.

"जमिनीचं जरा काम होतं. तुम्ही?"

"माझंही जमिनीचंच."

"गाडीने आलात?"

"हो, ड्रायव्हर खाली थांबलाय."

"माझाही," रिसबूड म्हणाले.

कारकून दारातून डोकावला. "दिवाळखोरीचे आज दोघं आहेत ना? कोणीही आधी या."

दोघे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले. ते गेल्या वर्षीचं होतं.

"लग्न थाटात करू," शेवटी रिसबूड हळूच म्हणाले.

"थाटातच," खांबेटे म्हणाले.

वकिलाला न भेटताच दोघे उठले.

दोघांच्याही गावाला जाणारी एसटी संध्याकाळी एकच होती.