झिजलेला टाक

"देव वितळवायचा? माझ्याच्यानं नाही होणार, ताई," म्हणत दहिवाळ सोनारांनी इंदुमतीबाईंच्या देव्हाऱ्यातला खंडोबाचा चांदीचा टाक त्यांच्याकडे परत सरकवला. रोज धुऊनपुसून त्याचे नाकडोळे पार झिजले होते. "झिजलेला टाक नदीत सोडतात. नव्या चांदीचा करून देतो."

इंदुमतीबाईंचा आवाज कधी चढत नसे. आताही चढला नाही. "नवी चांदी येते कुठून? माझा लेक राजस्थानात चांदीच्या खाणीत उतरतो, काका. तो सुखरूप वर यावा म्हणून मी रविवार धरते. आणि देवासाठी त्यालाच आणखी खोल धाडू? याच चांदीचा घडवा."

सोनारांनी चांदी वितळवायची मूस पुढे ठेवली. बाईंनी टाकावर भंडारा वाहिला, "थोडं सोस, देवराया," म्हणाल्या आणि स्वतःच्या हातानं तो मुशीत ठेवला.

सोनारांनी पायातल्या चपला काढल्या, मगच भट्टी पेटवली.