हसून दाखवा

बायकोने बळेबळे दवाखान्यात आणलेल्या हेडमास्तरांच्या कानाखालची गाठ चाचपून डॉक्टर म्हणाले, "आता जरा हसून दाखवा."

ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने घरादाराची बोलती बंद व्हायची, त्या हेडमास्तरांनी कडू औषध गिळावं तसे दात विचकले. ओठांचा उजवा कोपरा वर गेला, डावा जागचा हलला नाही.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "तुकडा काढून तपासूच, पण लाळेच्या ग्रंथीचा कॅन्सर वाटतोय. चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोचलाय. हसताना यांचं तोंड कित्येक महिने वाकडं होत असणार. घरात कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?"

बायको अजून नवऱ्याच्या तोंडाकडेच टक लावून पाहत होती.

"लग्न झाल्यापासून, डॉक्टर," ती म्हणाली, "यांना हसताना मी आजच पाहतेय."