खिडकीजवळचा संगणक

“अजून मोठं करा, ताई.”

वाचनालयाच्या बाईंनी कंट्रोलचं बटण दाबून धरलं आणि अधिकच्या खुणेवर बोट आपटलं. एकदा, दोनदा, पाचदा. पडद्यावरची ओळ फुगत गेली. शेवटी दोनच शब्दांनी सगळा पडदा भरला. मांजर व्याली.

“हे काय लिहिलंय, काका?”

“घरची बातमी आहे. तीन पिल्लं झाली.” म्हातारा गवंडी देवळात उभं राहावं तसा पडद्यापुढे उभा होता. “केवढं हे अक्षर! काना बघा, खांबच उभा केलाय. वरची रेघ म्हणजे तुळई. जन्मभर भिंती बांधल्या, पण एवढ्याशा पेटीत एवढं उंच काही उभं राहतं, हे ठाऊक नव्हतं.”

बाई हसल्या. मग त्यांचं हसू मावळलं. सोमवारी काकांनी अक्षर दीडपट करून घेतलं होतं, मंगळवारी दुप्पट. आज बुधवार, आणि पाचपटही पुरत नव्हतं. बाईंच्या वडिलांनीही डोळ्यांचं दुखणं असंच अंगावर काढलं होतं. पुस्तक रोज थोडं जवळ धरायचे आणि विचारलं की विषय बदलायचे. घरच्यांना कळलं तेव्हा उशीर झाला होता.

हा संगणक तसा कुणालाच नको असे. खिडकीतून उजेड येई, आणि अरुंद गल्लीपलीकडे इस्पितळाचा संसर्गाच्या रुग्णांचा वॉर्ड होता. तिथे भेटायला बंदी होती, खिडक्याही कायम बंद. तरी लोक लांब बसत, जणू रोग काचेतून उडी मारणार. गवंडीकाका मात्र अकराच्या ठोक्याला इथेच येत. आल्या आल्या पडदा खिडकीकडे वळवत आणि स्वतः बाजूला सरकून, मान वाकडी करून बघत.

“उजेडाकडे पडदा करू नका, काका. डोळ्यांची माती होईल.”

“माती नवी नाही त्यांना. चाळीस वर्षं सिमेंट खाल्लंय.” काका घुटमळले. “अक्षर पिवळं होईल का? आणि मागे काळं. लांबून उठून दिसतं.”

“लांबून?”

“जवळूनही,” काका घाईने म्हणाले.

बाईंनी पडदा काळा केला, अक्षरं पिवळी केली. काळोखात कुणी दिवे लावावेत तशी ती उजळली. काकांच्या तोंडून “बाप रे” निघालं. मग ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. डोळ्यांना विसावा देत असतील, असं बाईंना वाटलं.

थोड्या वेळाने काका वळले. “अजून मोठं जमेल?”

“काकू काय म्हणतात तुमच्या डोळ्यांबद्दल? मी फोन करू का त्यांना?”

“तिला फोनचा काय उपयोग? ऐकू येत नाही. आमच्या घरातली कुजबुज चौथ्या घरी कळते.” काका हसले. “म्हणून तर साठीनंतर दोघं अक्षरं शिकलो. एकाच पाटीवर. ती कायम माझ्या दोन धडे पुढे. पाटीही तिच्याच ताब्यात.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोन गोष्टी केल्या. आतल्या खोलीतला मोठा नवा पडदा काकांसाठी राखून ठेवला. आणि समोरच्या इस्पितळातले डोळ्यांचे डॉक्टर पुस्तक बदलायला आले, त्यांना थांबवून घेतलं.

अकराला काका आले.

“आत चला, काका. भिंतीएवढा पडदा आहे.”

“आत खिडकी आहे?”

“नाही. तुमच्या डोळ्यांना त्रास नको म्हणूनच.”

काकांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. सोळा-सोळा मजले उभारलेले ते हात कड सोडेनात. “मला इथून उठवू नका, ताई. पाया पडतो तुमच्या. हवं तर फरशी पुसून देतो, पण हीच जागा राहू द्या.”

कोपऱ्यात पेपर वाचणारे गृहस्थ पुटपुटले, “भल्याचे दिवस राहिले नाहीत.”

डॉक्टरांनी काकांना बसवलं. पापण्या वर करून डोळ्यांत बॅटरी मारली. मग खिशातली औषधाची डबी त्यांच्या हातात दिली. तिच्यावरची अक्षरं मुंगीच्या पायांएवढी होती.

काका एकेक अक्षर जोडत वाचू लागले. वेळ लागला, पण चूक झाली नाही. अगदी तळाची तारीखसुद्धा त्यांनी वाचली.

“माझ्याशी अदलाबदल करता का?” डॉक्टर म्हणाले. “डोळे पंचविशीतले आहेत. बाई, यांना काहीही झालेलं नाही.”

बाईंना हायसं वाटलं आणि रागही आला. “मग रोज हे मोठं, अजून मोठं कशाला, काका? आम्ही इथे जीव टांगणीला लावून बसलोय!”

काकांनी मान खाली घातली. “पाटी लावलीय ना तुम्ही, संगणक फक्त वाचनासाठी. दुसऱ्या कामाला लावला म्हणून काढून घ्याल, या भीतीने बोललो नाही.”

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. घाईघाईने, एका बोटाने, त्यांनी अक्षरं वेचली. पिल्लांनी डोळे उघडले. मग पडदा खिडकीकडे वळवून स्वतःच अधिकचं बटण दाबत राहिले. एका वेळी एकच शब्द पडद्यावर मावू लागला. पिवळाजर्द, घरावरच्या पाटीएवढा. पेपरवाले गृहस्थही उठून बघायला आले.

“आता बसा माझ्या जागी,” काका म्हणाले, “आणि बाहेर बघा.”

बाई बसल्या. डॉक्टर त्यांच्या खांद्यावरून वाकले.

गल्लीपलीकडच्या खिडकीत काचेला कपाळ टेकवून एक म्हातारी उभी होती. तिने डोळे बारीक केले, चोळले, पुन्हा बारीक केले. मग मान हलवली आणि हातातली पाटी काचेला लावली.

पाटीवर खडूने लिहिलं होतं, “अजून मोठं.”