मधलं एक प्रथिन

डॉक्टरबाईंनी आत येऊन दार लावून घेतलं, तसा तो उठून उभा राहिला. बायको खुर्चीच्या कडेवर टेकली होती. भिंतीपलीकडे त्यांची पाच वर्षांची मुलगी दोन दिवसांपासून श्वासाच्या यंत्रावर होती. साधा फ्लू. दोन वर्षांपूर्वी मोठा मुलगाही अशाच साध्या फ्लूने चौथ्या दिवशी हातचा गेला होता.

रक्ताचा अहवाल आलाय आणि दोष सापडलाय, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. विषाणू पेशीत शिरला की आतली प्रथिनं एकमेकांना निरोप देत जातात. शेवटचा निरोप पोहोचला की पेशी इंटरफेरॉन नावाचं इशारा देणारं द्रव्य तयार करते आणि आजूबाजूच्या पेशी सावध होतात. मुलीच्या शरीरात या साखळीतलं मधलं एक प्रथिन बनतच नाही. निरोप तिथेच अडतो. विषाणू फुप्फुसात हातपाय पसरतो आणि शरीर वेळेवर जागंच होत नाही.

"थोरल्याचं रक्त प्रयोगशाळेने जपून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "तेही तपासलं. त्याच्यातही हाच दोष होता."

बायकोने मान वर केली. "त्याला सर्दी होती. तरी मी त्याला पोहायला नेलं होतं."

त्याची आई दोन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत आली होती, सुनेने आजारी पोराला पाण्यात उतरवलं. त्याने स्वतः ते एकदाच म्हटलं होतं, हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर, आणि पुढे कधी मागे घेतलं नव्हतं. तेव्हापासून बायको मुलीला भर उन्हाळ्यातही स्वेटर घालायची. तो बघायचा आणि गप्प बसायचा.

"पाण्याचा काही संबंध नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "घरात पांघरूण घालून ठेवलं असतं तरी हेच झालं असतं."

"मग हे आलं कुठून?" त्याने विचारलं.

"दोघांकडून. निम्मं तुमच्याकडून, निम्मं यांच्याकडून. एकाच बाजूने आलं असतं तर मुलं आजारी पडून बरी झाली असती."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने रागाने पाहिलं असतं, तर त्याला इतकं जड गेलं नसतं.

शरीर जे इंटरफेरॉन बनवत नाही ते इंजेक्शनने बाहेरून देता येईल, पण उशीर झालाय, हमी देता येणार नाही, असं सांगून डॉक्टरबाईंनी संमतीचा कागद पुढे केला. औषधाने ताप चढेल, हुडहुडी भरेल, तेव्हा धीर सोडू नका, हेही बजावलं. त्याला कागदावरची अक्षरं लागेनात. बायकोने पेन ओढून घेतलं आणि सही केली.

दहा वाजता इंजेक्शन दिलं. बारापर्यंत ताप एकशे तीनवर गेला. काचेतून चादरीखाली थरथरणारे पाय दिसत होते. आधी सांगितलेलं असूनही दोघांच्या जिवाचं पाणी पाणी झालं. दोघांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. चार वाजता सिस्टर बाहेर आल्या. यंत्राचा ऑक्सिजन पहिल्यांदाच थोडा कमी करता आलाय, धोका टळलेला नाही, पण आज पोरगी झुंजतेय, एवढंच सांगून त्या परत आत गेल्या.

त्याने भिंतीला पाठ टेकली. तो म्हणाला, "माझं चुकलं. त्या दिवशी मी तुला..."

"मला नको सांगूस," बायको म्हणाली. "आईंना सांग. आत्ता. इथेच."

त्याने फोन लावला. आईने नातीची चौकशी केली, त्याने थोडी बरी आहे म्हणून सांगितलं. मग आईचं नेहमीचं सुरू व्हायच्या आत तो म्हणाला, "आई, ऐक. थोरला पाण्याने नाही गेला. त्याचं दुखणं जन्मापासूनच होतं, आणि त्यातलं निम्मं माझ्याकडून आलेलं होतं. तुझ्या सुनेचा काही दोष नव्हता."

बायकोने हात लांब केला आणि आईंचं उत्तर स्वतःच्या कानांनी ऐकायला फोनचा स्पीकर चालू केला.