तलावातले अकरा मासे

नंदिनीनं धिवरांच्या घराण्याचं नाकच कापलं, असं तिच्या आजीचं, कौसल्याबाईचं, म्हणणं होतं. उमरेड रोडच्या तलावात दिवसभर जाळं टाकून नातीनं माशांच्या सरकारी सर्वेच्या कागदावर मासा लिहिला एकच, घाण पाण्यातही तगणारा चिलापी.

"येवढ्या मोठ्या तलावात एकच मासा? लोकं हासतीन वं आपल्याले! लिही, वाम, मरळ, शिंगी..." असं दटावून म्हातारीनं आपल्या तरुणपणी जाळ्यात यायचे ते अकरा मासे लिहायला लावले.

महिन्याभरानं सर्वेचा निकाल आला. इतक्या तऱ्हेचे मासे जगतात त्या अर्थी पाणी स्वच्छ आहे, तलावात पडणारा गटाराचा नाला वळवायची गरज नाही.

कौसल्याबाईची मान वर होईना. खाली बघूनच ती नातीवर खेकसली,



"येवढी शिकली, अन् या खोटारड्या बुढीचं ऐकलं काहून वं?"