आसावरीची थंडी

रियाधच्या जानेवारीत नवरा उन्मेष सकाळी सातला बँकेत जायला निघाला, की अर्ध्या तासात आसावरीला हुडहुडी भरायची. स्वेटरवर शाल गुंडाळूनही भाजी चिरताना बोटं आखडायची.

"हीटर बिघडलाय का रे?" असं तिने विचारलं की उन्मेष हसायचा. "मी असतो तेव्हा तर घर मस्त गरम असतं. तू थायरॉईड तपासून घे."

रिपोर्ट नॉर्मल आला, तर म्हणाला, "मग मनाचे खेळ. दिवसभर रिकामी बसतेस ना." हळूहळू तिलाही ते खरं वाटायला लागलं.

शुक्रवारी त्याचा मित्र देवदत्त जेवायला आला. ती गरम पोळ्या वाढत होती आणि उन्मेष मोबाईलवर हीटरचं अ‍ॅप कौतुकाने दाखवत होता. "घरातल्यांचे फोन याला जोडायचे. सगळे बाहेर पडले की हीटर आपोआप बंद, कोणी परत आलं की चालू. उगाच रिकामं घर कशाला तापवायचं?"

"भारीच की! कोणाकोणाचे जोडलेस?" देवदत्तने विचारलं.



"माझा एकट्याचा," उन्मेष म्हणाला. "ही काय, दिवसभर घरातच असते."