कागदाचं कॉकपिट

सिम्युलेटरच्या परीक्षेत रविराजदादा दोनदा नापास झाला होता. बंद खोलीतलं ते खोटं विमान. पण इंजिनाला आग लागल्याची घंटा वाजली की त्याचे हात गोठायचे. आता पुन्हा चुकला की पायलटची नोकरी गेलीच.

म्हणून तो मांडवगणला घरी आला आणि कॉकपिटचं भलंमोठं चित्र त्यानं मधल्या खोलीच्या भिंतीवर चिकटवलं. पायलट असाच सराव करतात म्हणे. समोर दोन खुर्च्या. एकीवर तो, दुसरीवर मी, त्याची बहीण. मी "आग!" म्हणायचं, त्यानं कागदावरचा दांडा ओढल्यासारखं करायचं आणि विमान खाली आणायचं.

आज त्याचे हात अजिबात गोठले नाहीत. "उतरतोय," तो शांतपणे म्हणाला.

तेवढ्यात माझ्या कानांना दडे बसले. जेजुरीहून येताना एसटी दिवे घाट उतरते तेव्हा बसतात, तसे.

मी आवंढा गिळला. दडे सुटेनात, उलट वाढले.

"अनुपमा," स्वयंपाकघरातून आई ओरडली, "माझं कान का गं बंद झालं?"

मी दाराबाहेर पाहिलं. गोठ्यातल्या म्हशी एकसारखे कान झटकत होत्या. अंगणात आप्पा दोन्ही कान दाबून खाली बसले होते.

"दादा, बास. ऊठ आता."

तो उठला नाही. घामानं भिजलेला त्याचा हात कागदावर घट्ट होता.

"अनू," तो हळूच म्हणाला, "जमीन कवाच यायला पायजे व्हती."